आधी आंघोळ, मग पुस्तक

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला एका ग्रंथालयात घेऊन जाते, पण दर्शनी दारानं नाही. बाजूच्या लहान दारानं आत यायचं आणि थेट तळघरात उतरायचं. तिथं पुस्तकं नाहीत, न्हाणीघरं आहेत. पोलादाच्या भट्टीवर बारा तास राबलेला माणूस इथं यायचा, अंगावरची काजळी धुवायचा, कपडे बदलायचा आणि मग जिना चढून वर वाचायला बसायचा. आधी आंघोळ, मग पुस्तक.

हे ग्रंथालय ब्रॅडॉक नावाच्या गावात आहे. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य. पेनसिल्व्हेनिया म्हटलं की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. फिलाडेल्फिया राज्याच्या पूर्वेला, आणि ब्रॅडॉक अगदी दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, पिट्सबर्ग शहराला लागून. आनंदीबाईंच्या पदवीनंतर तीनच वर्षांनी, १८८९ मध्ये, ब्रॅडॉकचं ग्रंथालय उघडलं. पैसे दिले होते अँड्र्यू कार्नेगी यांनी. अमेरिकेत त्यांनी उभारलेलं हे पहिलं ग्रंथालय. पुढे त्यांच्या देणगीतून त्या देशात १६००हून जास्त ग्रंथालयांच्या इमारती झाल्या आणि जगभरात मिळून २५००च्या वर.

मी एका तालुक्याच्या गावात ३४ वर्षं ग्रंथपाल होते. दाखल नोंदवही, देवघेव, वर्गणीची थकबाकी, अनुदानाची वाट बघणं, यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर मुलीकडे पिट्सबर्गला तीन महिने राहिले. तिला वाटलं आई नायगारा बघेल. आई ग्रंथालयं बघत फिरली.

आता हा कार्नेगी कोण? स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावच्या विणकराचा मुलगा. वाफेवरचे माग आले आणि बापाचा हातमाग बसला. १८४८ साली कुटुंब बोटीत बसून अमेरिकेला आलं आणि पिट्सबर्गच्या समोर, नदीपलीकडच्या ॲलेगेनी गावात राहिलं. बारा-तेरा वर्षांचा हा पोरगा कापडगिरणीत बॉबिनं उचलायला लागला. पगार आठवड्याला १ डॉलर २० सेंट. नंतर तारऑफिसात निरोप्या झाला. त्या गावात कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ होते. त्यांच्याकडे चारेकशे पुस्तकं. दर शनिवारी ते कामकरी पोरांना पुस्तकं घरी न्यायला देत. हे सुरळीत चाललं होतं. पुढे त्या संग्रहाला नियम लागले: शिकाऊ कारागिरांना फुकट, बाकीच्यांना वर्षाला २ डॉलर वर्गणी. तारेचा पोऱ्या काही शिकाऊ कारागीर नव्हे! या पोरानं सरळ वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, खाली सही केली ‘एक कामकरी मुलगा’. वाद झाला, आणि शेवटी नियम सैल झाला.

वर्गणीच्या पावत्या फाडण्यात माझी हयात गेली. त्यामुळे ही गोष्ट वाचताना मी जरा अवघडलेच. दोन डॉलरसाठी अडलेला मुलगा पन्नास वर्षं ते विसरला नाही. पिट्सबर्गच्या मुख्य ग्रंथालयाच्या दारावर दगडात कोरलंय: ‘लोकांसाठी मोफत’.

मात्र ते ग्रंथालय सहजासहजी झालेलं नाही. १८८१ साली कार्नेगींनी पिट्सबर्गला अडीच लाख डॉलर देऊ केले. अट एकच: इमारत मी बांधतो, ती चालवायचा खर्च शहरानं करायचा. शहरानं कळवलं की यासाठी कर लावायचा अधिकारच आम्हाला कायद्यानं नाही. मग ते बालपणीच्या ॲलेगेनीकडे वळले. ॲलेगेनीनं मान्य केलं आणि फेब्रुवारी १८९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन स्वतः तिथल्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाला आले. शेजारच्या गावात राष्ट्राध्यक्ष येऊन गेले म्हटल्यावर पिट्सबर्गचेही डोळे उघडले असावेत. तोवर कायद्याची अडचण दूर झाली होती. कार्नेगींनी आकडा १० लाखांवर नेला आणि १८९५ मध्ये ते ग्रंथालय उघडलं.

ही अट पुढे ठरूनच गेली. जागा गावानं द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावानं कर बसवून उभी करायची. म्हणजे १० हजारांची इमारत हवी असेल तर वर्षाला १ हजार, कायमचे. पुस्तकं, पगार, कोळसा, दिवाबत्ती, सगळं त्यातून. आमच्याकडे देणगीदार यायचे, इमारतीचं बोलायचे, वडिलांच्या नावाच्या संगमरवरी पाटीचं माप द्यायचे. विजेचं बिल कोण भरणार, हे विचारायची सोय नसायची. कार्नेगींच्या चिटणिसानं, जेम्स बर्ट्रम यांनी, तो प्रश्न आधीच विचारून ठेवलेला असे. गावाची लोकसंख्या किती, कर किती बसवणार, ठराव केला का? उत्तर आल्याशिवाय पैसा हलत नसे. हे बर्ट्रमसाहेब मोठे काटकसरी. इंग्रजी शब्दांतली न उच्चारली जाणारी अक्षरंसुद्धा ते गाळून लिहायचे. ग्रंथालयाच्या आराखड्यांबद्दल त्यांनी काढलेल्या पत्रकात ‘बिल्डिंग’ या शब्दातला यू गायब आहे!

आपल्याकडे याची आठवण करून देणारा माणूस म्हणजे महाराज सयाजीराव गायकवाड. अमेरिकेतली ही मोफत ग्रंथालयं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालालाच बडोद्याला बोलावून घेतलं. बडोदा संस्थानात खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरल्या त्या त्यानंतर. पण तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

पुन्हा नदीकाठी येऊ. मोनोंगाहेला नदी. ब्रॅडॉकच्या खालच्या अंगाला, नदीच्या पलीकडच्या तीरावर होमस्टेड. तिथंही कार्नेगींचा पोलादाचा कारखाना होता. १८९२ मध्ये मजुरीचा वाद पेटला. कार्नेगी स्कॉटलंडला निघून गेले होते, कारभार हेन्री क्ले फ्रिक यांच्या हाती. त्यांनी कामगारांना बाहेर ठेवून दारं लावली आणि पिंकर्टन या खासगी पहारेकरी कंपनीची ३०० हत्यारबंद माणसं पडावांतून नदीमार्गे आणली. ६ जुलैला पहाटेपासून काठावर गोळीबार झाला. दोन्हीकडची माणसं मेली. मग राज्याचं सैन्य आलं, संप मोडला, संघटना मोडली. पाळी बारा तासांची झाली, आणि दर पंधरवड्याला पाळी बदलताना सलग चोवीस तासांची.

आणि सहा वर्षांनी, १८९८ मध्ये, त्याच होमस्टेडच्या टेकडीवर कार्नेगींनी ग्रंथालय बांधलं.

ती इमारत मी पाहिली. एखाद्या फ्रेंच सरदाराच्या वाड्यासारखी. मधोमध ग्रंथालय, एका अंगाला हजारभर खुर्च्यांचं संगीतसभागृह, दुसऱ्या अंगाला व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव. तलाव आजही चालू आहे. मासिकं चाळत बसलं की कुठूनतरी क्लोरीनचा बारीक वास येतो. जुन्या कागदाच्या वासात क्लोरीन! मी पंधरा मिनिटं बसले आणि मासिकात काही लक्ष लागलं नाही. समोर खिडकी, खिडकीतून उतार, उतार संपला की नदी. कारखाना आता नाही, तिथं दुकानं आणि सिनेमागृह झालंय. पण बारा तास भट्टीशी उभा राहून एखादा माणूस हा चढ चढून वाचायला येत असेल का? हा प्रश्न माझा एकटीचा नाही. संपानंतर पंधराएक वर्षांनी होमस्टेडच्या घराघरांत जाऊन पाहणी झाली होती. तेव्हा एका कामगारानं सांगितलं होतं की आमची मजुरी कापली नसती आणि ते पैसे आम्हीच खर्च केले असते तर बरं झालं असतं; बारा तास काम करणाऱ्याला ग्रंथालय काय कामाचं?

याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या वाचनालयातही विटभट्टीवरचा माणूस सभासद झाल्याचं मला आठवत नाही. त्यांची मुलं मात्र यायची.

होमस्टेडमध्येही मुलं आली असणार. मुलांवरून आठवलं, पिट्सबर्गच्या लॉरेन्सव्हिल भागातली शाखा, तीही १८९८ चीच. बाहेरून साधी विटांची इमारत आहे. मला मात्र सगळ्यात ती आवडली. ॲलेगेनीच्या ग्रंथालयात पुस्तकं बंद कोठीत असत. चिठ्ठी द्यायची, सेवक पुस्तक आणून देणार. लॉरेन्सव्हिलमध्ये मुक्तद्वार, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडायचं. मागच्या बाजूला अर्धगोलात कपाटं, चाकाच्या आऱ्यांसारखी मांडलेली, आणि मध्ये ग्रंथपालाचं टेबल. तिथं बसलं की प्रत्येक गल्लीत कोण काय करतंय ते दिसतं. मी विचारून त्या टेबलामागे उभी राहिले. खरंच दिसतं! आमच्याकडे मुक्तद्वार सुरू केलं तेव्हा पुस्तकं जातील म्हणून कार्यकारी मंडळानं तीन बैठका घेतल्या होत्या. कपाटं कशी ठेवायची यावर मात्र पाच मिनिटंसुद्धा कोणी बोललं नाही. मुलांसाठी तिथं पहिल्यापासून वेगळी खोली आहे, लहान टेबलं-खुर्च्यांची. १८९८ साली ही गोष्ट नवीनच होती.

याच शहरात ऑगस्ट विल्सन वाढला, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या आयुष्यावर नाटकं लिहिणारा मोठा नाटककार. पंधरा वर्षांचा असताना त्यानं शाळेत नेपोलियनवर वीस पानी निबंध लिहिला. शिक्षकांना पटेना की हा याचाच. पोरगा शाळेतून उठला तो परत गेलाच नाही. घरी सांगायची सोय नव्हती, म्हणून शाळेच्या वेळात तो कार्नेगी ग्रंथालयात जाऊन बसायला लागला. त्याचं शिक्षण झालं ते असं. पुढे दोनदा पुलित्झर मिळालं. त्या ग्रंथालयानं नंतर त्याला शालान्त पदविका दिली. ग्रंथालयानं, शाळेनं नव्हे.

राज्यभर अशी किती ठिकाणं सांगू? एकट्या फिलाडेल्फियाला १९०३ साली १५ लाख डॉलर मिळाले आणि त्यातून २५ शाखा झाल्या. पिट्सबर्गजवळच्या दोन गावांनी तर एकत्र येऊन आपलं नावच कार्नेगी ठेवलं! १९०१ साली त्यांनाही ग्रंथालय मिळालं. तिथं वरच्या मजल्यावर यादवी युद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांची बैठकीची खोली होती. शेवटचे सैनिक गेले, खोलीला कुलूप लागलं, ते अर्धं शतक निघालं नाही. उघडली तेव्हा खुर्च्या, तसबिरी, झेंडे जिथल्या तिथे.

सगळ्याच इमारतींचं नशीब असं नाही. ड्युकेन गावचं ग्रंथालय १९६८ मध्ये पाडलं. ॲलेगेनीच्या मनोऱ्यावर २००६ साली वीज कोसळली, दगड छत फोडून आत पडला. नशिबानं कुणाला लागलं नाही. ग्रंथालय दुसरीकडे गेलं, आता त्या वास्तूत लहान मुलांचं संग्रहालय आहे. आणि लॉरेन्सव्हिल? २००९ मध्ये पैसे कमी पडले म्हणून बंद करायच्या शाखांच्या यादीत तिचं नाव आलं. लोक खवळले. दोन वर्षांनी मतदान घेतलं: घरपट्टीत ग्रंथालयासाठी वेगळा कर घ्यावा का, लाख डॉलरच्या घराला वर्षाला २५ डॉलर. तो आपणच भरायचा आहे हे माहीत असताना ७२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. ज्या शहराला १८८१ साली असा कर लावायचा अधिकारच नव्हता, त्या शहरानं! मुलीच्या घराच्या कराच्या बिलात ती ओळ मी शोधून पाहिली, चष्मा पुसून. माझ्या ३४ वर्षांत कोणी स्वतःहून कर मागितलेला मी ऐकला नव्हता.

ब्रॅडॉकचं सांगायचं राहिलं. तिथं कराची अट नव्हती. आपल्या कारखान्याच्या गावाला कार्नेगींनी इमारतही दिली आणि खर्चाचीही तजवीज केली. पुढे पोलादाचा धंदा बसला, गाव ओस पडत गेलं आणि १९७४ मध्ये ग्रंथालय बंद झालं. पाडायचंच ठरत होतं. तिथल्या शेवटच्या ग्रंथपालानं ती अख्खी इमारत एक डॉलरला विकत घेतली. छत गळत होतं, तलाव कोरडा पडला होता. काही वर्षांनी गावकऱ्यांना हाताशी धरून एकेक खोली पुन्हा उघडत गेले.

मी गेले तेव्हा तळघरातल्या जुन्या न्हाणीघरात मातीकामाची कार्यशाळा चालू होती. पांढऱ्या फरशांच्या भिंती तशाच, मध्ये कुंभाराची चाकं. सहा-सात वर्षांची एक मुलगी कोपरापर्यंत चिखलानं माखली होती. तिला वर जायचं होतं, गोष्टीची वेळ झाली होती. ती जिन्याकडे पळत सुटली, तशी शिकवणाऱ्या बाईंनी तिला मागे ओढलं आणि नळाकडे बोट दाखवलं.

नमस्कार.