रेड हाऊस: विटेला विटेसारखं दिसू देणारं घर

[दृश्य: गल्लीच्या कडेची उंच विटांची भिंत, त्यामागे उतरती लाल छपरं]

लंडनच्या आग्नेयेला बेक्स्लीहीथ नावाचं उपनगर आहे. तिथल्या साध्यासुध्या घरांच्या गल्लीत एक उंच भिंत लागते आणि भिंतीमागे हे घर, रेड हाऊस. १८५९ मध्ये उपनगर नव्हतं, केंट परगण्यातली फळबाग होती. पुढे कवी आणि नक्षीकार म्हणून नावाजलेल्या, तेव्हा पंचवीस वर्षांच्या विल्यम मॉरिस यांनी ती जागा घेतली. नुकतंच लग्न झालं होतं, आणि घर बांधायला दिलं मित्राला, वास्तुरचनाकार फिलिप वेब यांना. वेब अठ्ठावीस वर्षांचे. स्वतःच्या नावावरचं हे त्यांचं पहिलंच काम. पुढच्या वर्षी मॉरिस कुटुंब राहायला आलं. बांधकामाला सुमारे ४,००० पौंड लागले.

त्या काळात शहराबाहेर व्हिला बांधायचा म्हणजे एक ठरलेली रीत होती. विटांवर गिलावा करायचा, त्यावर रेघा ओढून दगडाचा भास आणायचा, रंग द्यायचा आणि दर्शनी बाजू डावी-उजवी तंतोतंत सारखी ठेवायची. वेब यांनी यातलं काहीच केलं नाही. इथे वीट उघडी आहे. एका थरात विटा लांबीने, वरच्या थरात आडव्या, म्हणजे बाहेरून फक्त डोकं दिसेल अशा. या इंग्लिश बांधणीत आडव्या विटा भिंतीच्या जाडीत आत शिरतात आणि आतला-बाहेरचा भाग एकमेकांना बांधून ठेवतात.

[दृश्य: खिडकी, अगदी जवळून]

ही खिडकी नीट बघा. वर टोकदार कमान, खाली मात्र वर-खाली सरकणारी साधी चौकोनी तावदानं. भिंतीचा भार कमान पेलते आणि दोन्ही बाजूंना उतरवते. लाकडी चौकटीवर वजन येत नाही, म्हणून ती वाकत नाही आणि तावदानं अडकत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या बोळात गोल खिडक्या आहेत. खिडकीचा आकार आणि जागा आतल्या खोलीने ठरवली, बाहेरच्या देखाव्याने नाही. या घराचं मोठेपण आम्हाला यातच वाटतं.

आराखडा काटकोनी. दोन बाजूंच्या कुशीत अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीवर कौलांचं शंकूसारखं छप्पर. मोठी चूकही आराखड्यातच आहे. मुख्य खोल्या उत्तरेला तोंड करून आहेत आणि बागेकडचं ऊन बोळांना मिळतं. इंग्लंडमध्ये उत्तरेच्या खोलीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही, त्यामुळे जेवणघर आणि दिवाणखाना थंड. शिवाय लंडनला रोज जायचं-यायचं म्हणजे तासन् तास. १८६४ मध्ये मॉरिस यांना संधिवाताच्या तापाने गाठलं, मिळकतही घटली होती. १८६५ मध्ये घर सोडलं. अवघी पाच वर्षं ते इथे राहिले.

[दृश्य: छत, तिरप्या उजेडात]

पण त्या पाच वर्षांत काय काय झालं! छतावर बारीक टोचे दिसतात ना? गिलावा ओला असतानाच नक्षीच्या रेषा भोकांनी टोचून घेतल्या. गिलावा वाळल्यावर त्या खुणांवरून रंग भरायचा. रंग उडाला तरी टोचे राहतात, म्हणून नक्षी पुन्हा भरताना अंदाज करावा लागत नाही. दिवाणखान्यात चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्स यांनी सर डेग्रेव्हाँट या मध्ययुगीन काव्यातल्या सरदाराच्या लग्नाची चित्रं काढली. सात ठरली होती, तीनच झाली. मेजवानीच्या चित्रातले राजा-राणी म्हणजे मॉरिस आणि त्यांची पत्नी जेन. घर सजवायच्या याच खटाटोपातून १८६१ मध्ये मॉरिस आणि मित्रांची सजावटीची कंपनी उभी राहिली.

ही चित्रं वाळलेल्या गिलाव्यावरची आहेत. ओल्या चुन्यावर काढलेलं चित्र चुन्याबरोबर घट्ट होतं. इथे रंगाचा थर वर नुसता बसलेला असतो. भिंतीत ओल आली की क्षार पृष्ठभागाकडे येतात, रंगाच्या थरामागे त्यांचे स्फटिक वाढतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणजे चित्र वाचवायचं तर आधी बाहेरची भिंत सांभाळायची.

[दृश्य: विटांमधल्या दरजा]

जुन्या विटांच्या भिंतीचं नुकसान बहुतेक वेळा सिमेंट करतं. चुन्याची दरज मऊ आणि सच्छिद्र. भिंतीत शिरलेलं पाणी तिच्यातून वाळून जातं. सिमेंटची दरज कडक. कडेला केसाएवढी भेग पडते, तिथून पाऊस आत जातो आणि बाहेर पडायला वाट उरते फक्त विटेतून. मग विटेला लोणा लागतो. थंडीत आतलं पाणी गोठतं, सुमारे नऊ टक्के फुगतं आणि विटेचं तोंड उडून पडतं. दरज शाबूत, वीट गेलेली!

दुरुस्ती अशी करतात. खराब दरज हातोडी-छिन्नीने, रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढायची. कटर मशीन लावायचं नाही, विटेच्या कडा कापल्या जातात. धूळ काढून सांधा ओला करायचा. एक भाग चुना, अडीच ते तीन भाग जाडी-बारीक मिसळ वाळू. मसाला दाबून भरायचा, अंगठ्याने दाबल्यावर खूण उमटेनाशी झाली की ताठ ब्रशने ठोकायचा. काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं, आणि पारा पाच अंशांखाली जाणार असेल तर कामाला हातच घालायचा नाही.

छपराकडेही तेवढंच लक्ष लागतं. काटकोनी घर, बरेच उतार, म्हणून दोन उतार मिळतात त्या पन्हळीही बऱ्याच. पानं तुंबली की पाणी कौलांखाली चढतं.

पुढे १८७७ मध्ये मॉरिस आणि वेब यांनीच जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुनं खरवडून नवं चढवू नका, वेळच्या वेळी डागडुजी करा, हा तिचा आग्रह. मॉरिस यांच्यानंतर अनेक मालक झाले, भिंतींवर रंगाचे आणि कागदाचे थर चढले. १९५२ पासून वास्तुरचनाकार टेड हॉलम्बी इथे राहिले आणि त्यांनी घर जपलं. २००३ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं. २०१३ मध्ये मोठ्या शयनगृहात, भिंतीतल्या कपाटामागे बायबलमधल्या पात्रांचं अख्खं भित्तिचित्र सापडलं.

घर आज पहिल्या श्रेणीच्या संरक्षित यादीत आहे. हे संरक्षण आतल्या जिन्यालाही आहे, शेकोटीलाही. परवानगीविना बदल केला तर इंग्लंडमध्ये तो फौजदारी गुन्हा आहे. जसंच्या तसं दुरुस्त करायला बहुधा परवानगी लागत नाही. पण चुन्याच्या जागी सिमेंट भरलं, तर तेही बदलात धरलं जाऊ शकतं.