भेग पडल्यानंतर

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. पडक्या घराची मातीची भिंत, अगदी जवळून.)

ही भिंत दोन पिढ्या जुनी. छप्पर गेलं, आढं गेलं, भिंत उभी आहे. तिचं एक ढेकूळ फोडलं की आत गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, दिसतो. घर बांधणाऱ्यांनी हे कुटार चिखलात टाकून पायानं तुडवलं होतं. शेजारच्या आजोबांना विचारलं, कुटार कशाला? म्हणाले, "नुसती माती वाळली का तडकते ना बाप्पा. कुटार तिले धरून ठेवते."

(दृश्य: त्याच गावातलं काँक्रीटचं खळं. भेगा.)

हे खळं काही वर्षांपूर्वी मे महिन्यात टाकलं. भर दुपारी, पारा ४५ च्या पुढे असताना. काँक्रीट घट्ट होण्याआधीच वरचं पाणी उन्हानं आणि वाऱ्यानं ओढून घेतलं, पृष्ठभाग आकसला, आणि संध्याकाळपर्यंत केसासारख्या भेगा आल्या. मग पावसाळ्यात खालची काळी माती फुगली, हिवाळ्यात बसली. केसासारख्या भेगा बोटाएवढ्या झाल्या. आता सोयाबीन काढताना दाणे त्यांत जातात आणि पुढच्या पावसात खळ्यातून कोंब येतात. शेतकऱ्याला ते बघवत नाही. कुटार मातीला धरतं, तसे काही तंतू काँक्रीटला धरून ठेवतील का?

(दृश्य: अमरावतीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची प्रयोगशाळा.)

काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. किती फरक? गावात नेहमी वापरतात ते एम-२० काँक्रीट घ्या. त्याचा १० सेंटीमीटरचा चौकोनी ठोकळा चिरडायला साधारण २० टन लागतात. त्याच काँक्रीटची, तेवढ्याच जाडीरुंदीची आणि अर्धा मीटर लांबीची तुळई दोन टेकूंवर ठेवून वरून वाकवली, तर ती ८०० किलोच्या आसपास मोडते. म्हणजे सिमेंटची सोळा पोती. आणि मोडते तीही सांगून-सवरून नाही. कट्‌कन आवाज, दोन तुकडे.

आता दुसरी तुळई. हिच्यात पोलादी तंतू आहेत: ३५ मिलिमीटर लांब, अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, दोन्ही टोकांना वाकवलेले. एका किलोत असे सुमारे पंधरा हजार तंतू बसतात.

(दृश्य: यंत्राचा काटा चढतो. तुळईच्या पोटाला भेग.)

भेग पडली. काटा उतरला, पण शून्यावर गेला नाही. तुळई वाकतेय, भेग रुंदावतेय, तरी दोन तुकडे होत नाहीत. भेगेच्या आत डोकावून बघा: एका काठातून दुसऱ्या काठात गेलेले कितीतरी तंतू ताणले गेलेत. वाकडं टोक सरळ होत, घासत, हळूहळू बाहेर येतंय. त्या ओढाताणीतच भाराची ताकद खर्ची पडते. म्हणून तंतू तुटायला नको, घसरत निघायला हवा. हाच काँक्रीटचा चिवटपणा.

तंतू घातलेला ठोकळा चिरडून पाहिला, तर आकडा जवळपास तोच येतो. तंतूंनी काँक्रीट दाबाला फारसं मजबूत होत नाही. "टाका आणि सिमेंट कमी करा" असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. स्लॅबचा आणि बीमचा लोहा कमी करा म्हणणाऱ्याचं तर मुळीच ऐकू नका.

(दृश्य: खळ्याची नवी भराई. पहाट. मिक्सर.)

यंदा कामाला पहाटे सुरुवात झाली. काळी माती खोदून काढली, मुरूम भरून धुम्मस केला. मिस्त्रींनी पोलादी तंतू नाकारले, आणि ते बरोबर आहे: वर राहिलेली टोकं गंजतात, अनवाणी पायाला टोचतात, सुटलेला तंतू धान्यात गेला तर आणखी वाईट. इथे पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू आहेत, एका पोत्यामागे सव्वाशे ग्रॅमची पुडी. पहिल्या काही तासांतल्या त्या केसासारख्या भेगा हे तंतू आवरतात. पुढे माती फुगली तर त्यांचं काही चालणार नाही. त्यासाठीच खाली मुरूम आहे.

अंबाडीचा वाक, म्हणजे तिच्या सालीचा तंतू, का नाही? विदर्भात त्याचे दोर वळले जात. मातीच्या भिंतीत तो छान टिकतो, पण सिमेंटमधला क्षार त्याला वर्षावर्षानं खातो आणि तो ठिसूळ होतो. कुटाराचं शहाणपण मातीतून सिमेंटमध्ये जसंच्या तसं नेता येत नाही.

पुडी एकदम ओतली की गोळे होतात, म्हणून मिक्सर फिरता ठेवून मूठमूठ पेरायची. तंतू पडले की माल जड वाटतो. पोरानं बादली उचलली.

"पाणी नोको टाकू रे!" मिस्त्री ओरडले. "पाणी टाकलं का गेलं सारं."

बरोबर आहे. वरच्या एका बादलीनं जेवढी ताकद जाते, तेवढी कुठलीच पुडी परत आणत नाही.

(दृश्य: ऊन चढलंय. खळ्यावर ओलं बारदान. कटर.)

दुसऱ्या दिवशी दर तीन मीटरवर कटरनं चिरा घेतल्या. भेग पडलीच तर ती सरळ रेषेत पडावी म्हणून. सिमेंट पीपीसी आहे, राख मिसळलेलं, सावकाश ताकद धरणारं, म्हणजे निदान दहा दिवस तराई. शेतकऱ्याची आई सकाळ-दुपार-संध्याकाळ बारदान भिजवते. अंदाज घ्यायला ती त्यावर तळहात ठेवते, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि पुन्हा बादलीकडे वळते.