दाढेतली चीर आणि बर्फाचे खडे

नमस्कार श्रोतेहो. दातांनी पाकीट फाडणं, पेनाचं टोपण चघळणं, नखं कुरतडणं, बर्फ कडाकडा फोडणं... यातली एखादी सवय प्रत्येक घरात कुणा ना कुणाला असतेच. दातावरचं एनॅमल म्हणजे आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिजंच. पण ते तितकंच ठिसूळही असतं. आणि दात हिरडीतून वर आला की एनॅमल घडवणाऱ्या पेशी उरत नाहीत. मोडलेलं हाड सांधतं, तुटलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. पुन्हा येत नाही, हे लक्षात ठेवा.

माझ्या मावशीला बर्फ खायची सवय होती. पाण्यात घालून नव्हे, नुसते खडे. फ्रीजमधला ट्रे भरला की रिकामा. दुपारी सगळे झोपले की घरात तेवढाच आवाज. आम्ही म्हणायचो, उष्णता झाली असेल. मग तिची दाढ दुखायला लागली, पण विचित्र रीतीने. घास चावताना काही नाही, दाब सुटला की कळ डोक्यात जायची. एक्स-रे काढला, स्वच्छ! दंतवैद्यांनी तिला एक छोटा प्लास्टिकचा तुकडा दाढेच्या एकेका टोकावर ठेवून चावायला लावला. "आता सोडा," म्हणाले, आणि मावशी खुर्चीतून उठलीच. दाढेला चीर गेली होती. इतकी बारीक चीर एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही.

पुढचं ऐका. त्यांनी विचारलं, "बर्फ खाता का? आणि जिना चढताना धाप लागते का?" मावशी गप्पच झाली. दोन्ही खरं होतं. रक्त तपासलं तर लोह फार कमी. लोह कमी झालं की काहींना बर्फाची अनावर ओढ लागते. असं का होतं, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण होतं हे नक्की. गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत तिची बर्फाची आठवणच गेली. दाढेला मात्र कॅप बसवावी लागली. लोह भरून निघालं, दाढ नाही. एवढे दिवस तिला "बर्फ खाऊ नकोस" म्हणून सगळे ओरडत होतो, का खातेस हे एकानेही विचारलं नव्हतं.

पाकिटांबद्दल मला मनापासून बोलायचंय. 'इथे फाडा' असं छापलेलं असतं, तिथेच ती फाटत नाहीत. ज्यांच्या बोटांत आता जोर नाही, त्या वयस्कर माणसांनी करायचं काय? पाकीट हाताने उघडेल असं बनवणं ही बनवणाऱ्यांची जबाबदारी आहे. तोवर कात्री स्वयंपाकघरात हाताशी टांगून ठेवा.

पेन आणि नखं? समोरच्या दातांच्या कडा झिजतात, टवके उडतात, जबड्याचा सांधाही दुखू लागतो.

आणि कायम एकाच बाजूने चावत असाल, तर दुसऱ्या बाजूला काही दुखतंय का, ते एकदा दाखवून घ्या. दंतवैद्यांना "दाढ दुखते" एवढंच सांगू नका. चावताना दुखते की दाब सोडताना, ते सांगा. दाब सोडताना, हा शब्द विसरू नका. आणि दिवसभर तोंडात काय चघळता, तेही न लाजता सांगा. नमस्कार.