हात किती वर झाले, हे मोजू नका

परदेशातल्या खेड्यात मुलांचं बायबल शिबिर घ्यायचं ठरलं की आपल्या संडे स्कूलच्या तरुणांचा पहिला प्रश्न असतो, सोबत काय काय न्यायचं? रंगीत कागद, बाहुल्या, गिटार, चॉकलेटं. मी म्हणतो, सामानाचं नंतर बघू. तिथे आधीपासून कोण आहे, ते अगोदर विचारा.

आफ्रिकेतल्या मलावीचंच घ्या. स्कॉटलंडच्या ज्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आपल्या नागपुरात आले, त्याच चर्चने १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या काठी लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केलं. केप मॅक्लिअरची पहिली जागा मलेरियामुळे सोडावी लागली, तरी काम टिकलं. म्हणजे तिथली ख्रिस्ती मंडळी (चर्च) आपल्या मंडळीची धाकटी बहीणच की! आजीपासून नातीपर्यंत ज्यांना गीतं पाठ आहेत, त्यांना सुवार्ता सांगायला निघाल्याचा आव आणू नये. आपण जायचं ते त्यांच्या संडे स्कूलच्या शिक्षकांना हातभार लावायला.

आपली व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, मे महिन्यात, घाम पुसत. तिथली ऑगस्टमध्ये. मक्याची कापणी उरकलेली असते, शाळेला सुट्टी असते आणि सकाळी चक्क स्वेटर लागतो. जागेची चिंता नको, झाडाखालीही भागतं. अशा शिबिरांपैकी अगदी सुरुवातीचं एक १८९८ मध्ये न्यूयॉर्कला भरलं, तेही भाड्याच्या बिअर हॉलमध्ये!

गावात पोचलात की आधी गावप्रमुखाची भेट. तिथल्या चर्चच्या पाळकांना पुढे करा, आपण मागे बसा. काय शिकवणार, किती वाजता सोडणार, खायला काय देणार, सगळं त्यांच्यासमोर सांगायचं. सरोवराच्या दक्षिणेकडे याओ मुसलमानांची बरीच गावं आहेत, खेळ ऐकून तिकडची मुलंही येतात. त्यांच्या आईवडिलांना स्पष्ट सांगा की इथे बायबलच्या गोष्टी होतात. ते नको म्हणाले तर नको. लापशी मात्र सगळ्यांना. गोष्टीला बसलास तरच वाटी, असं केलंत की शिबिराचा सौदा झाला. इथे नागपुरात, हे आमिष दाखवून धर्म बदलतात, अशा संशयाने आपल्याकडे बघणारे असतात. त्यांना द्यायचं उत्तर त्या वाटीतच आहे.

वयाप्रमाणे गट पाडण्याचे तुमचे तक्ते पहिल्याच सकाळी बाद होतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी येते ती पाठीवर चितेंजेत, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या कापडात, भावंड बांधून. ते रडलं की ती उठून घरी जाते, आणि आपण वहीत गैरहजेरी मांडतो. म्हणून एक चटई बाळांसाठी टाका आणि गावातल्या दोन बायकांना तिथे बसवा. पाण्याचंही तसंच. मका-सोयाच्या पिठाची लापशी शिजवायची म्हणजे पाणी लागतं, आणि कोणी काही न बोलता बादल्या मुलींच्याच डोक्यावर जातात. मुलगे फुटबॉल खेळतात, मुली हातपंपावर रांगेत. पाण्याची पाळी मोठ्यांकडे दिली की गोष्टीच्या वेळी मुलींच्या जागा भरलेल्या दिसतात.

गोष्ट सांगायची तिथल्या शिक्षिकेने, चिचेवा भाषेत. एका पोराच्या पाच भाकरी आणि दोन माशांत येशूने पाच हजारांना जेवू घातलं, ती गोष्ट चालू होती. मध्येच समोरच्या एका मुलाने विचारलं, मासे कुठले, उसिपा की चाम्बो? उसिपा म्हणजे बोटाएवढी, वाळवून विकतात ती मासळी. चाम्बो ताटभर. झाला वाद सुरू. उसिपा असतील तर दोन मासे न्सिमाच्या, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीच्या, एका गोळ्यालाही पुरायचे नाहीत, असा एका बाजूचा हिशेब. दुसरी बाजू म्हणे, गोष्टीतल्या पोराची आई चाम्बो कशाला बाहेर देईल? बाईंनी वाद थांबवला नाही. म्हणाल्या, उसिपाच धरू. मग पाच हजारांचं काय? मुलं गप्प. आमच्या गटातल्या कोणाला हे जमलं नसतं, कारण आम्हाला उसिपाची किंमत ठाऊक नव्हती.

शेवटच्या दिवशी 'येशूला कोण स्वीकारतं, हात वर करा' म्हणायचं, हात मोजायचे आणि आकडा देणगीदारांना कळवायचा, ही पद्धत मला पटत नाही. पाहुण्याने विचारलं की मुलं हात वर करतातच, पाहुण्याला खूश करायला. उद्या दुसरा पाहुणा आला की पुन्हा करतील. त्यांच्या हो-नाहीचा निर्णय त्यांच्या घरात, त्यांच्या मंडळीत, सावकाश होऊ द्या. अहवालात लिहायचंच असेल तर कोणत्या शिक्षिकेने कोणता वर्ग स्वतः घेतला, ते लिहा.

जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. परतीचा प्रवास आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पीतज्वराची लस निदान १० दिवस आधी घ्या, नाहीतर भारतात उतरल्यावर अडवू शकतात.

आणि पुढच्या ऑगस्टचं शिबिर त्यांनीच घ्यायचं. बोलावलं तर जाऊ. नाही बोलावलं तर तिकिटाचे पैसे लापशीच्या पिठासाठी पाठवून देऊ.