एक थप्पड आणि दोन माणसं

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? हात वर करा बरं, हां, येतंय. तर कार्डावर विषय छापलाय ‘विसाव्या शतकातले रंगभूमीवरचे आणि पडद्यावरचे कलावंत’, आणि तो वाचून मलाच घाम फुटला. एवढ्या विषयाला तास कसा पुरणार? बालगंधर्वांपासून सुरुवात केली तर निळूभाऊंपर्यंत यायला तीन दिवस लागतील आणि तोवर तुम्ही कुणी इथे नसाल. म्हणून मी आज फक्त दोनच माणसं घेणार आहे, आणि त्या दोघांमध्ये 1942 साली बसलेली एक थप्पड.

ललिता पवार आणि भगवानदादा. किस्सा तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय. ‘जंग-ए-आझादी’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग, सीनमध्ये हिरोईनला थोबाडीत मारायची, मारणारा भगवान. त्यानं मारली आणि ती जरा जास्तच जोरात बसली. तोंडाला लकवा मारला, उपचार बराच काळ चालले, आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. मग पुढचं आपण नेहमी कसं सांगतो? तो नट बिचारा नवखा होता, ती उगवती हिरोईन होती, डोळा गेला म्हणून ती खाष्ट सासू झाली आणि अमर झाली, देव एक दार बंद करतो तर दुसरं उघडतो वगैरे वगैरे.

मला हे ‘वगैरे वगैरे’ अजिबात पटत नाही.

आधी नवखेपणाचं बघू. भगवान, म्हणजे भगवान आभाजी पालव, जन्म 1 ऑगस्ट 1913, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणीत कामाला, पोरगं वाढलं दादर-परळच्या कामगार वस्तीत, शाळेपेक्षा आखाड्यात आणि सिनेमाच्या थेटरात जास्त. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्यासमोर आला आणि 1938 साली तर चंद्रराव कदमांबरोबर ‘बहादूर किसान’ दिग्दर्शितसुद्धा केला. 1941 मध्ये ‘वनमोहिनी’ नावाचा तमिळ सिनेमाही काढला! म्हणजे 1942 साली हा माणूस नवखा कुठनं? स्वस्तातले, मारामारीचे, गिरणी कामगार जीव टाकून बघायचे तसले स्टंटपट करण्यात तो तोवर चांगला मुरलेला होता.

आणि ललिताबाई? जन्म 18 एप्रिल 1916, येवल्याचा. पैठणीवालं येवलं. मूळ नाव अंबा सगुण. बालकलाकार म्हणून 1928 च्या सुमारास मूकपटात आल्या, म्हणजे थप्पड बसली तेव्हा त्यांना या धंद्यात चौदाएक वर्षं झालेली. आणि नुसती नटी म्हणून नाही हं, ‘दुनिया क्या है’ हा 1938 चा बोलपट त्यांनी स्वतः निर्माती म्हणून काढला, टॉलस्टॉयच्या कादंबरीवरनं. बावीस वर्षांची बाई स्वतः पैसे घालून टॉलस्टॉय काढतेय, आणि आपण तिला काय म्हणतो, तर ‘उगवती हिरोईन’.

असं का होतं माहितेय का? थप्पड मोठी दिसायची तर तिच्या आधीचं सगळं लहान करावं लागतं. मारणारा कच्चा पाहिजे, खाणारी कोवळी पाहिजे. मग गोष्ट गोड लागते.

आता ही थप्पड नेमकी काय भानगड असते ते थोडं सांगतो, कारण हौशी नाटकात मी स्वतः दोन वेळा खाल्लीये आणि एकदा दिलीये, आणि दिलेली जास्त लक्षात राहिलीये. स्टेजवर थोबाडीत मारतात तेव्हा हात लागत नाही. म्हणजे लागू नये. मारणाऱ्याचा पंजा सैल, बोटं उघडी, गालासमोरनं हात नुसता जातो, मान वळवायचं काम खाणाऱ्याचं, आणि फाडकन आवाज तिसराच कुणीतरी विंगेत टाळी वाजवून काढतो. सगळा खेळ खाणाऱ्याच्या मानेवर. ती मान पाव सेकंद उशिरा वळली, किंवा मारणाऱ्याचा पंजा घट्ट राहिला, की संपलं. कॅमेऱ्यासमोर तर अजून सोपं, अँगल नीट लावला तर हातभर अंतर राखूनही लागल्यासारखं दिसतं. पण तेव्हाच्या सिनेमात आवाजही बहुतेक सेटवरच घ्यायचे, स्टंटवाल्या मंडळींना खरं मारायची-पडायची सवय, डुप्लिकेट वापरणं म्हणजे कमीपणा, विमा कसला आणि सेटवर डॉक्टर कसला. अशा ठिकाणी आखाड्यातला गडी आणि सव्वीस वर्षांची बाई समोरासमोर उभे केले. यात दैव कमी आणि कामाची पद्धत जास्त आहे असं माझं मत आहे. नट-नट्यांच्या हक्काबद्दल बोलायला तेव्हा कुणी नव्हतंच असंही नाही, नटी शांता आपटे 1939 साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या दाराशी उपोषणाला बसल्याच की! पण लोकांनी त्याची गंमत केली आणि सोडून दिलं.

असो. डोळा बारीक झाला. पुढे?

पुढे 1944 चा प्रभातचा ‘रामशास्त्री’. त्यात ललिताबाई आनंदीबाई. ‘ध’ चा ‘मा’ करणारी, नारायणराव पेशव्याला ‘धरावे’ ऐवजी ‘मारावे’ करणारी आनंदीबाई. महाराष्ट्रात या बाईइतकी नावडती बाई दुसरी नसेल, आणि ती भूमिका ज्या बाईच्या चेहऱ्याची अशी अवस्था झालेली तिच्याकडे गेली. आता तुम्ही म्हणाल बघा, डोळ्यामुळेच मिळाली. अहो, डोळा बारीक असलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, प्रभातवाले काय डोळा बघून आनंदीबाई देतात? तिथे आवाज लागतो, पाठ लागते, वाक्य कुठे तोडायचं ते कळावं लागतं, आणि ते सगळं थप्पडेच्या आधीच्या चौदा वर्षांतनं आलेलं होतं. डोळ्यानं काय केलं तर हिरोईनचं दार बंद केलं, बास. दुसरं दार देवानं नाही उघडलं, बाईनं ढकललं.

आणि तसंही ते हिरोईनचं दार बायकांसाठी लवकरच बंद व्हायचं, डोळा असो नसो. एक हिशोब सांगतो. ‘श्री 420’ आला 1955 साली. त्यात ललिताबाई गंगामाई, फुटपाथवर केळी विकणारी, सगळ्या बेघरांची आई. दोन आण्याला तीन की तीन आण्याला दोन, ती केळ्यांची घासाघीस आठवते ना? हसले सगळे, म्हणजे आठवते. तर तेव्हा बाईंचं वय एकोणचाळीस आणि राज कपूर एकतिशीच्या उंबरठ्यावर. आठ-नऊ वर्षांचा फरक आणि आई! आणि त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे अशोककुमार 1958 साली ‘हावडा ब्रिज’मध्ये मधुबालाचे हिरो. ते तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये, म्हणजे थोडी आहेच तक्रार.

पण त्या आईपणात बाईंनी काय काय करून ठेवलंय ते बघा. गंगामाई भांडखोर आणि मायाळू, दोन्ही एकाच दमात. ‘अनाडी’तली मिसेस डिसा, 1959, राज कपूरला घरात ठेवून घेणारी, दिवसभर त्याच्यावर कटकट करणारी ख्रिश्चन घरमालकीण, आणि शेवटी कारखान्यातल्या विषारी औषधानं मरते तेव्हा थेटरात रडारड. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. आणि माझा सगळ्यात लाडका म्हणजे 1962 चा ‘प्रोफेसर’. शम्मी कपूर म्हातारा मास्तर बनून घरात शिरतो आणि ही कडक, करारी, घरातल्या पोरींना धाकात ठेवणारी बाई त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते, नटायला लागते, लाजायला लागते. सेहेचाळीसचीच बाई, पण इथे तिचं प्रेम विनोदासाठी लिहिलंय, लोकांनी हसावं म्हणून. आणि ललिताबाई काय करतात, लोकांना हसू देतात, पूर्ण हसू देतात, आणि मधेच एखाद क्षण असा टाकतात की हसणाऱ्याला जरा चोरट्यासारखं वाटावं. हे डोळ्यानं होत नाही हो.

आमच्या आजीचं सांगतो. 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, मंथरा ललिताबाईच. मंथरा दिसली की आजी भाजी निवडता निवडता म्हणायची, ‘मेलीचं तोंड बघा’, आणि लगेच खालच्या आवाजात, ‘काम मात्र चोख करते हो.’ माझ्या मते बाईंवरचं सगळ्यात नेमकं परीक्षण ते. तेव्हा त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. सातशेच्या वर सिनेमे झाले म्हणतात. 24 फेब्रुवारी 1998 ला पुण्यात औंधच्या घरी गेल्या, नवरा दवाखान्यात, घरात त्या एकट्याच, आणि गेल्याचं कळायलाही वेळ लागला.

आता दुसरा माणूस, ज्यानं मारली तो.

त्यानं 1942 मध्येच स्वतःची कंपनी काढली, जागृती पिक्चर्स, मग चेंबूरला जागृती स्टुडिओ. स्टंटपट काढत राहिला. त्याच वर्षीच्या ‘सुखी जीवन’ला संगीत दिलेलं चितळकरांनी, म्हणजे आपले सी. रामचंद्र, पुणतांब्याचे. दोघांची दोस्ती जुनी. आणि मग, सांगतात की राज कपूरनं सुचवलं, बाबा मारामाऱ्या बस झाल्या, एखादा घरगुती सिनेमा काढ. त्यातनं 1951 चा ‘अलबेला’. निर्माता भगवान, दिग्दर्शक भगवान, हिरो भगवान. वय अडतीस, उंची बेताची, पोट सुटलेलं, तोंडावर हिरोपणाची एक खूण नाही. गोष्ट काय तर कमी पगाराच्या गरिबाला नाटकात स्टार व्हायचंय. म्हणजे परळच्या प्रत्येक पोराची गोष्ट. समोर गीता बाली, ती त्या काळातली मोठी हिरोईन, आणि ती या गड्याबरोबर अशी नाचली की त्याला कुठे कमीपणा येऊ दिला नाही, त्या बाईचं मोठेपण कुणी फारसं बोलत नाही. गळा अण्णांचाच, म्हणजे सी. रामचंद्रांचा, चितळकर नावानं. सिनेमा धो धो चालला.

मग जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, सात दिवसांच्या सात गाड्या, असं सांगतात. मग ‘झमेला’ आला 1953 ला, ती जादू पुन्हा जमली नाही, पुढे ‘लाबेला’ 1966 ला, तोही बसला. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला, माणूस परत दादरच्या चाळीत. आणि इथे आपण परत कीर्तन सुरू करतो, उधळ्या होता, दारू होती, पैसा टिकवता आला नाही. असेल. पण निर्माता, दिग्दर्शक, नट, स्टुडिओमालक, चारही खिसे एकाच शर्टाला असले की एक सिनेमा आपटला तरी चारही एकदमच फाटतात, एवढा साधा हिशोब त्यात आहे. पगारी नटाचा सिनेमा पडला तर तो दुसऱ्या सेटवर जातो. भगवानदादाच्या पायाखालचा सेटच त्याच्या मालकीचा होता.

आणि तो गप्प बसला नाही, हे आपण विसरतो. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’, असे छोटे रोल, मग हवालदार, मग नोकर, मग नुसतं गाण्यात मागे येऊन चार पावलं नाचून जाणं. पुढची कित्येक वर्षं. एकेकाळचा स्टुडिओमालक गर्दीत उभा राहून दोन मिनिटांचं काम करतो आणि घरी जातो. त्याला मी शोकांतिका म्हणत नाही, त्याला मी नोकरी म्हणतो, आणि त्यानं ती इमानानं केली. 4 फेब्रुवारी 2002 ला दादरला गेला. गणपतीची मिरवणूक त्याच्या चाळीसमोर थांबायची, बँडवाले ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ लावायचे आणि म्हातारा खाली येऊन नाचायचा, हे दादरची जुनी मंडळी अजून सांगतात.

तो नाच काय आहे ते दाखवूनच थांबतो. मिरवणुकीत आपण सगळे तोच नाचतो, नाव माहीत नसताना, आणि अमिताभ बच्चनच्या नाचातही तो आहे. कोपर अंगाला जवळ, हात खांद्याच्या वर नाही, पाऊल पूर्ण टाकायचं नाही, अर्ध्यावर सोडायचं आणि कंबर त्याच्या मागनं जरा आळसात यायला द्यायची. वाटतं कुणालाही येईल. ज्या अंगानं एकदा ताकदीचा अंदाज चुकून एका बाईचा चेहरा बिघडवला, तेच अंग नऊ वर्षांनी एवढं मोजूनमापून, एवढं कमी हलतंय. मला हे बघताना दर वेळी ती थप्पड आठवते, काय करू.

हं, मागचे दिवे घालवा जरा. गाणं साडेतीन-चार मिनिटांचं आहे, गीता बालीवरनं नजर हटवणं अवघड जाईल, पण एकदा फक्त त्याच्या पायांकडे बघा. लावा.