गाडी उभी असते तेव्हा

(डेपो. संध्याकाळ. एकामागून एक व्हॅन फाटकातून आत येतात.)

संध्याकाळचे सात. माल पोचवून गाड्या परतू लागल्यात. चालक उतरतात, नोंदवहीत किलोमीटर लिहितात, चाव्या खुंटीला अडकवतात आणि घरची वाट धरतात. पुढचे दहा तास या गाड्या नुसत्या उभ्या राहणार. डिझेलच्या दिवसांत या दहा तासांकडे कुणी पाहिलंच नाही. टाकी पाच मिनिटांत भरायची, मग कशाला पाहायचं?

ताफा विजेवर न्यायचा ठरलं, की सगळा हिशोब याच तासांपासून सुरू होतो.

"एका चार्जमध्ये किती पळते?" हा प्रश्न सगळे आधी विचारतात. तो विचारायलाच हवा. पण त्याच्याही आधी नोंदवही उघडावी. कोणती गाडी रोज किती फिरते, किती वजन घेऊन फिरते, परत किती वाजता येते, तिच्या वाटेवर चढ किती आहेत. बहुतेक व्यवसायांत ही उत्तरं कपाटात वर्षानुवर्षं पडून असतात, फक्त कुणी ती एकत्र मांडलेली नसतात.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

विजेचा ताफा ही कल्पना तशी जुनीच. 1897 मध्ये लंडनच्या रस्त्यांवर विजेवरच्या टॅक्सी धावल्या. शिशाच्या जड बॅटऱ्या, त्या वजनाखाली झिजणारे टायर आणि प्रवासी नेईल तिकडे जाण्याचा धंदा. दोन वर्षांत त्या बंद पडल्या. पण त्याच ब्रिटनमध्ये पुढे दूध घरोघरी पोचवणाऱ्या विजेच्या गाड्या हजारोंच्या संख्येने आल्या आणि कित्येक दशकं चालल्या. बॅटरी तीच, शिशाची. वेगही बेताचाच. मात्र रोजची वाट ठरलेली, घरं ठरलेली, आणि फेरी संपली की गाडी डेपोत. पहाटे गल्लीतल्या कुणाची झोपही मोडत नसे.

लंडनच्या टॅक्सीला जे मिळालं नाही, ते दुधाच्या गाडीला मिळालं: ठरलेली वाट.

(डेपोच्या भिंतीवरची विजेची पेटी.)

आता एक आकडेमोड करू. समजा, ताफ्यात 40 व्हॅन आहेत. प्रत्येकीची रोजची धाव 120 किलोमीटर. अशी व्हॅन किलोमीटरला साधारण पाव युनिट वीज खाते, म्हणजे एका गाडीला रोज 30 युनिट आणि सगळ्या ताफ्याला 1,200.

सात वाजता सगळे चालक आले आणि प्रत्येकाने 11 किलोवॅटच्या चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा प्लग, आपापल्या गाडीला लावली. त्याच क्षणी डेपो 440 किलोवॅट मागू लागतो. एवढा भार या जागेला मंजूर आहे का? ट्रान्सफॉर्मर तो पेलेल का? आणि पेलला, तरी अनेक ठिकाणी वीजबिलात युनिटांशिवाय सर्वोच्च मागणीचाही आकार असतो. संध्याकाळचा एक तास अख्ख्या महिन्याचं बिल फुगवू शकतो.

तीच 1,200 युनिटं दहा तासांत सावकाश भरली, तर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही 130-135 किलोवॅटमध्ये काम भागतं. गाड्या त्याच आणि सकाळी निघायची वेळही तीच. कोणत्या गाडीला कधी आणि किती वीज द्यायची, हे एक संगणकप्रणाली ठरवते. पहाटे चारला निघणारी गाडी आधी, आठला निघणारी नंतर.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: गाड्यांची ऑर्डर नंतर द्या, वीज कंपनीकडे अर्ज आधी करा. व्हॅन येऊन उभ्या आणि वाढीव भाराची जोडणी अजून कागदावर, असं झालं तर आधीच्या सगळ्या हिशोबावर पाणी पडतं.

चीनमधल्या शेंझेन शहराने 2017 च्या अखेरीपर्यंत आपल्या 16,000 हून अधिक बस विजेवर आणल्या. तिथेही मुख्य चार्जिंग रात्रीच होतं, बस डेपोत उभ्या असताना.

(गाडीच्या आतून. चालकाचे पाय.)

दुसरी गोष्ट माणसांची. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की मोटर जनित्रासारखी फिरते आणि वेग कमी होताना वीज बॅटरीत परत जाते. शहरात, सिग्नलमागून सिग्नल लागतात तिथे, याचा फायदा सगळ्यात जास्त. पण तो चालकाच्या पायात असतो. एकाच गाडीने, एकाच वाटेवर, दोन चालकांचा वीजवापर बराच वेगळा निघतो. थंडीत हीटर चालू ठेवला की पल्ला घटतो. गन लावलेली असतानाच आतली हवा गरम करून घेतली, तर तेवढी बॅटरी वाचते. हे चालकांना शिकवावं लागतं. त्यांचंही ऐकावं लागतं, कारण कोणत्या चढावर भरलेली गाडी दमते हे नोंदवहीत नसतं.

वर्कशॉपही बदलतं. ऑइल बदलणं संपतं, ब्रेक जास्त दिवस टिकतात, टायर मात्र वजनामुळे लवकर झिजू शकतात. आणि नारिंगी वेष्टनाच्या केबल दिसल्या की हात मागे घ्यायचा. त्यांत कित्येकशे व्होल्टचा दाब असतो. प्रशिक्षण न घेतलेल्या मेकॅनिकने तिथे हात घालता कामा नये.

(पहाट. माल चढवण्याचा फलाट.)

या फलाटावर रोज पहाटे माणसं माल चढवतात. डिझेलच्या दिवसांत इंजिनं सुरू असायची, फलाटाला छप्पर, धूर तिथेच कोंडलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. वीज कोळशावर बनत असेल तर धूर दुसरीकडे निघतो, हे खरं आहे, आणि ते लपवू नये. पण या छपराखाली श्वास घेणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्नही ताळेबंदात असायला हवा. आमच्या लेखी तो बचतीच्या रकान्याच्या वरचा आहे.

(फलाटाजवळच्या चार्जरची रांग.)

पाच वाजले. एका गाडीची बॅटरी रात्रभर भरलीच नाही. गन पुरती आत बसली नव्हती. पर्यवेक्षक त्या चालकाला जवळच्या फेरीवर पाठवतात, आणि सूचनाफळ्यावर खडूने एक ओळ लिहितात: गन लावल्यावर दिवा लागला का ते बघूनच घरी जायचं.