मावा दिसला? फवारू नका, मुलांना बोलवा!

नमस्कार! ही फांदी बघा. कोवळा शेंडा माव्याने, म्हणजे रस शोषणाऱ्या इवल्या किडींनी, नुसता गच्च भरलाय. अशा वेळी हात लगेच फवारणीच्या बाटलीकडे जातो. आज बाटली ठेवा बाजूला आणि मुलांना भिंग घेऊन बोलवा. मित्रकीटक शोधायचे तर इथेच, कारण त्यांचं खाणं इथे आहे.

पान उलटं करा. पिवळी, लांबट, उभी चिकटलेली अंडी ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची. केसासारख्या दांड्यावर अंडं दिसलं, तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या हिरव्या मित्रकीटकाचं. आणि हा मावा बघा: फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा, पाठीवर गोल भोक. परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू आतून त्याला खाऊन मोठं झालं आणि त्या भोकातून उडून गेलं!

ढालकिडा सगळे ओळखतात, त्याची अळी कुणीच नाही. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, छोट्या मगरीसारखी. कीड समजून लोक तिला चिरडतात. खरं तर माव्याचा फडशा तीच पाडते. हो, मळकट रंगाचा, बारीक लव असलेला, 28 ठिपक्यांचा ढालकिडा मात्र पानं खरवडतो. तो मित्र नव्हे.

ही अळी मुलांना पाळू द्या. मऊ ब्रशने उचलून काचेच्या बरणीत ठेवा. तोंडाला मलमल आणि रबरबँड लावा. घट्ट झाकणाने आत घाम धरतो, बुरशी येते. एका बरणीत एकच अळी, कारण खाणं कमी पडलं की त्या एकमेकींना खातात. पाण्याची वाटी नको, अळी बुडेल. ओल्या कापसाचा बोळा पुरे. बरणी सावलीत ठेवा. रोज माव्याचे 20 किडे मोजून घाला, दुसऱ्या दिवशी उरलेले मोजा, वहीत लिहा. सगळे संपले तर वाढवा.

दोनतीन आठवड्यांत अळी शेपटाकडून चिकटते आणि कोषात जाते. आता बरणी अजिबात हलवायची नाही. 4 ते 7 दिवसांनी बाहेर येतो तो फिका पिवळा, बिनठिपक्यांचा! मुलं घाबरतात, आजारी आहे की काय म्हणून. थांबा. काही तासांत ठिपके उमटतात, पंख कडक होतात. लाल रंग सावकाश भरतो.

दुसऱ्या दिवशी त्याला माव्याच्या फांदीवर सोडा. फक्त तिथे मुंग्यांची रांग नको: माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात.